मागच्या चाकांपाशी बसलेला माणूस

आंबवड्याहून निरोप आला तेव्हा मी भोरच्या कोर्टात उभा होतो. मारुतराव मिस्त्री सकाळी गेले... समोरचा साक्षीदार पुढे काय बोलला, ते माझ्या कानांवर पडलंच नाही. त्याला आता पाच आठवडे होत आले. भोरात त्यांना सगळे मोटारीचे मिस्त्री म्हणून ओळखत. मला मात्र ते आठवतात ते एका दुपारचे. त्या दुपारी मी त्यांच्यावर ओरडलो होतो.

हौसेखातर मी पुण्याहून एक जुनी स्पोर्ट्स मोटार घेतली होती. लाल, उघडी, दोनच माणसांची. मागच्या चाकांच्या ड्रममध्ये तेल झिरपून ब्रेकचे पट्टे घसरू लागले, म्हणून ती मारुतरावांकडे दिली. मुंबईहून नवे पट्टे आले, आणि नेमकं त्याच दिवशी सुमतीच्या, म्हणजे माझ्या पत्नीच्या, पोटात दुखू लागलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "मूल आडवं आहे. आजच पुण्याला न्या." पुण्याला जाणारी सर्व्हिस मोटार सकाळीच निघून गेलेली. मी धावत मारुतरावांच्या दुरुस्तीच्या छपरीत गेलो; तेव्हा ती भोरातच, आमच्या घराजवळ होती. डावं चाक बसलं होतं. उजवीकडे पट्टा जाड पडत होता, त्यावर ड्रम चढेना. मारुतराव मांडी घालून कानशीनं पट्टा घासत होते.

"दोन तास द्या, वकीलसाहेब."

"दोन तास? आहे तशी द्या! मी हळू नेईन."

"एकच चाक धरलं तर कात्रजच्या उतारावर गाडी गर्रकन फिरंल. म्या न्हाई देणार."

मी नको ते बोललो. ते उठले, हात पुसले आणि तडक माझ्या घरी आले. दाराबाहेरूनच म्हणाले, "बाईसाहेब, बिरेक अजून भरवशाचा न्हाई. तुमीच सांगा."

 आतून सुमतीचा आवाज आला, "त्यांना वेळ द्या. मी थांबते."

ते दोन तास मी छपरी आणि घर यांच्यामध्ये येरझारा घालत काढले. घरी कण्हणं, इकडे कानशीची खरखर. ड्रम बसला, त्यांनी चाक हातानं फिरवलं, कान लावला, पुन्हा काढला, पुन्हा घासला. शेवटी चिंचेखालच्या उतारावर तीनदा गाडी थांबवून पाहिली. मग स्वतःच बाहेरच्या पायरीवर उभे राहिले. हातात चाकाखाली घालायची लाकडी उटी. "आत जागा न्हाई, पर म्या येतो."

कात्रजच्या दुसऱ्या वळणावर एक बैलगाडी रस्त्यात आडवी उभी होती. मी जीव खाऊन ब्रेक दाबला. मोटार सरळ, बैलांपासून हातभर अंतरावर थांबली. सुमतीनं डोळे उघडले नाहीत, फक्त माझी बाही घट्ट धरली. मारुतराव उतरून रस्त्याच्या कडेला खाली बसले. मग उठून त्यांनी मागच्या चाकाखाली उटी सारली.

संध्याकाळी आमची मुलगी जन्मली. दवाखान्याच्या ओट्यावर मी त्यांची माफी मागितली, तेव्हा पहिल्यांदाच ते इराकातल्या बसऱ्याबद्दल बोलले. पहिल्या महायुद्धात ते तिथं लष्कराच्या लॉऱ्या दुरुस्त करत. "सायबानं घाई केली, आन म्या 'झाली' म्हणून गाडी दिली. शिवा बसला तीत, वरवे गावचा, आमच्याकडचाच... त्यो काय परत आला न्हाई." एवढंच. पुढे इतक्या वर्षांत तो विषय त्यांनी कधी काढला नाही, आणि मीही नाही.

परवा मुलीला घेऊन आंबवड्याला, त्यांच्या गावी गेलो. पुढे गावीच हलवलेल्या त्यांच्या छपरीत नसरापूरच्या एका व्यापाऱ्याची मोटार महिनाभर तशीच उभी होती, मागचं एक चाक काढलेलं. व्यापारी ती न्यायला आला होता. त्याला लग्नाला जायचं होतं. चाक कुणीही बसवून देईल, असं तो म्हणत होता. मारुतरावांची बायको दारात आडवी उभी राहिली.

"ह्यांनी खोललंया त्ये. पुण्याचा मिस्त्री बघून जाऊ द्या आदी. तवर मी गाडी हलवू द्यायची न्हाई."

व्यापाऱ्यानं घड्याळ पाहिलं, तिच्याकडे पाहिलं... आणि टोपी काढून मुकाट्यानं पायरीवर बसला. मीही त्याच्याशेजारी बसलो.