पितृपंधरवड्यातलं येसूचं लग्न

हिराबाई इंगवले कोल्हापुरात मुलींच्या एका शाळेत शिवणकाम शिकवायच्या. वय सत्तेचाळीस, लग्न केलेलं नाही, चष्म्याची एक दांडी काळ्या दोऱ्यानं बांधलेली. काज करताना पोरी पेंगतात म्हणून त्यांनी एकदा वर्गात गोष्ट सांगायला घेतली. गडावर वाढलेली येसू आणि शत्रूच्या छावणीतला घोडेस्वार रायाजी. गोष्ट काही संपेना. रायाजी पकडला गेला त्या दिवशी तर एका पोरीनं एका पोलक्याला एकतीस काजं पाडली. शेवटी १९९७ साली गोष्टीची कादंबरी झाली.

ती छापली मल्लाप्पानं. त्याचा छापखाना सव्वीस वर्षं लग्नपत्रिकांवर चाललेला. पुस्तक हे त्याचं पहिलंच, आणि हिराबाईंचंही पहिलंच. त्यामुळं दोघंही एकमेकांना जाणकार समजत होते.

प्रकाशनासाठी मल्लाप्पानं मंगल कार्यालयच धरलं. पितृपंधरवडा होता. त्या दिवसांत लोक नवी सुईसुद्धा घरात आणत नाहीत, पण मल्लाप्पाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. "अक्का, हॉल मोकळा, आचारी मोकळा. आमंत्रणाचं माझ्यावर सोडा की!"

हिराबाईंनी मजकूर आणि एकशे बारा पत्ते लिहून दिले. पंचवीस वर्षं त्या दुसऱ्यांच्या कार्याला खण-नारळ घेऊन गेल्या होत्या. आपल्या नावानं बोलावलेल्या कार्याला एकदा तरी माणसं यावीत, एवढंच त्यांना हवं होतं. शेवटचा पत्ता मात्र त्यांनी दोनदा खोडून पुन्हा लिहिला. तो मुरगूडच्या थोरल्या भावाचा, हंबीररावांचा होता. त्यांनी ठरवलेलं बिजवराचं स्थळ हिराबाईंनी मोडलं, तेव्हापासून अकरा वर्षं भाऊ बोलत नव्हता.

मल्लाप्पाला तो मजकूर फारच बोडका वाटला. त्यानं वर गणपती घातला, बाजूला केळीचे खांब उभे केले, आणि सवयीनं छपाईचे खिळे जुळवले: 'आमचे येथे श्रीकृपेकरून हिराबाई इंगवले यांची ज्येष्ठ कन्या चि. सौ. कां. येसू आणि चि. रायाजी यांचे शुभकार्य योजिले आहे.' प्रकाशन हा शब्द खाली बारीक अक्षरात बसत होता, पण तिथं 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं'चा तयार ठोकळा सुरेख बसला. मामा कोण, हे मल्लाप्पालाही माहीत नव्हतं. पत्रिका थेट टपालात पडल्या. हिराबाईंनी एकही पाहिली नाही.

दुसऱ्या आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत त्या शिरल्या की शांतता पसरू लागली. अखेर भूगोलाच्या बाई जवळ सरकल्या.

"येसूचं कळलं. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाहीत?"

"लाज वाटायची हो," हिराबाई म्हणाल्या.

"साहजिकच आहे. करते काय ती?"

"तलवार चालवते. घोड्यावर मांड तर अशी, की बघत राहावं!"

बाईंनी खुर्ची आणखी जवळ ओढली. "आणि... वडील?"

"ते तिला माहीतच नाहीत. एकदम शेवटी कळतं."

"आणि तुम्हाला?"

"मला पण आधी माहीत नव्हतं. लिहायला बसले तेव्हा सुचलं."

भूगोलाच्या बाई उठल्या आणि घटाघटा पाणी प्यायल्या. आपल्या पुस्तकाची इतकी ओढ लागलेली पाहून हिराबाईंना रात्रभर झोप आली नाही.

प्रकाशनादिवशी कार्यालय खच्चून भरलं. फेटे, शालू, हातात आहेराच्या पिशव्या आणि दारात वाटलेल्या अक्षता. भानगड बघायला निम्मं कोल्हापूर लोटलं होतं. एवढे वाचक! हिराबाईंचे डोळे भरून आले. तेवढ्यात गर्दी बाजूला सारत हंबीरराव आले. मागं वहिनी बाळाबाई, हातात पिवळी साडी.

"हिरे, पोरगी कुठं हाय?"

"कुठली पोरगी, दादा?"

"माझी भाची!" हंबीररावांनी पत्रिका पुढं धरली. हिराबाईंनी ती वाचली आणि मल्लाप्पाला हाक मारली.

मल्लाप्पा लगबगीनं आला. "पयलं पुस्तक म्हणून ज्येष्ठ घातलं, अक्का. पुढं आनखी व्हतील की."

"पुस्तक?" मागून कुणीतरी ओरडलं. "म्हंजे लगीन न्हाय?" खुर्च्या सरकू लागल्या. पिशव्या परत काखेत गेल्या. भूगोलाच्या बाई तर चक्क हिरमुसल्या. आता हॉल रिकामा होणार आणि आपण आणि मल्लाप्पा दोघंच उरणार, हे हिराबाईंना स्पष्ट दिसलं. त्यांनी टेबलावरचं पुस्तक उचललं आणि छातीशी धरलं.

"ही," त्या कशाबशा म्हणाल्या. "हीच येसू. मला दुसरी पोरगी न्हाय, दादा."

हंबीररावांनी पुस्तक हातात घेऊन उलटंपालटं केलं. "हे समदं तू लिवलंस?"

"व्हय."

"एकटीनं?"

"व्हय."

हंबीरराव वळले. पन्नास वर्षं बैलांवर ओरडून कमावलेला आवाज त्यांनी लावला. "बसा खाली! जेवून जायाचं हाय का न्हाय? मग कार्य व्हऊ द्या!" लोक बसले. त्यांनी बायकोच्या हातून पिवळी साडी घेतली, पुस्तकाभोवती गुंडाळली, आणि नवरीला मामानं बोहल्यावर आणावं तसं दोन्ही हातांवर तोलून स्टेजवर आणलं. मग हिराबाईंच्या मागं उभे राहिले.

हिराबाई पहिलं प्रकरण वाचू लागल्या. वाचता वाचता त्यांच्या ध्यानात आलं, की दादाला पुस्तकाचं काहीच ठाऊक नव्हतं. बिनलग्नाच्या बहिणीला पोरगी आहे, तिला बाप नाही, आणि लग्न पितृपंधरवड्यात, हे सगळं खरं धरून तो साडी घेऊन निघाला होता. त्या थांबल्या. चष्मा पुसला. पुन्हा वाचू लागल्या. प्रकरण संपलं तेव्हा आता काय करायचं ते कुणालाच कळेना, म्हणून बाळाबाईंनी हातातल्या अक्षता टाकल्या आणि मग सगळ्यांनीच टाकल्या.

हंबीरराव पुढं वाकून कानाशी कुजबुजले, "त्यो रायाजी... घरानं बरं हाय न्हवं?"

"चांगलं हाय, दादा."

"मग झालं," हंबीरराव म्हणाले, आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.