काटेवाल्यांच्या घरचा डबा

काटेवाल्यांना वजनातलं सगळं कळायचं. किराणा दुकानातला काटा दुकानदाराच्या बाजूने खोटं बोलतोय की गिऱ्हाइकाच्या, हे ते दुकानात शिरताशिरता ओळखायचे. दवाखान्यातला बाळांचा काटा, सराफाचा काचेच्या पेटीतला काटा, भंगारवाल्याचा जमिनीत बसवलेला काटा, सगळे दुरुस्तीला त्यांच्या हाताखालून जात. चाळीस वर्षं हेच केल्यामुळे त्यांचं खरं आडनाव लोक विसरले होते. बायकांच्या बाबतीत मात्र त्यांच्या ज्ञानाची सुई शून्यावर जी थांबली होती, ती हललीच नव्हती. यात त्यांचा दोष फार नव्हता, पण होता.

घरात दोनच माणसं. ते आणि त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळी गल्ली थोरलेच म्हणायची. थोरले बसडेपोत टाइमकीपर होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी त्यांच्या डोक्यातून गाड्या सुटायच्या थांबल्या नव्हत्या. दूधवाला चार मिनिटं उशिरा, पेपरवाला दोन मिनिटं लवकर, अशा नोंदी ते तोंडी करत. दोघांचीही लग्नं राहून गेली होती. राहून जातात लग्नं, दर वेळी त्याला कारण लागतंच असं नाही.

पुढच्या खोलीत काटेवाल्यांचं वर्कशॉप, मधे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून बाथरूम. बाथरूममध्ये एक बादली, एक मग, एक आरसा, दोन टॉवेल, दाढीचे दोन ब्रश. फरशी अशी लख्ख की पाय ठेवताना संकोच वाटावा. कचऱ्याचा डबा तेवढा नव्हता. दोन पुरुषांचा बाथरूममध्ये कचरा होतोच किती?

घरातला कचरा सगळा स्वयंपाकघरात, आणि तिथे राज्य थोरल्यांचं. ओल्याचा डबा हिरवा, सुक्याचा निळा. संध्याकाळी हातात रबरी मोजा चढवून ते दोन्ही डबे तपासत आणि बटाट्याची सालं एवढी जाड का निघाली याची चौकशी होई. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी कचरागाडी आली की डबे स्वतः उचलून गाडीवालीच्या हातात देत. त्या डब्यात गल्लीतल्या कोणाची चॉकलेटची चांदीसुद्धा त्यांच्या नजरेखालून न जाता पडली नव्हती.

अशा या घरात चौदा वर्षांची भाची तीन आठवडे राहायला आली. धाकट्या बहिणीची एकुलती एक मुलगी. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये बुद्धिबळाचं शिबिर होतं, मोठ्या चाळणीतून निवडलेल्या चोवीस मुलांचं, आणि मामांचं घर तिथून चालत सात मिनिटांवर. काटेवाले तिला लहानपणापासून वजीर म्हणत. तिच्यासाठी त्यांनी नवी गादी आणली, खिडकीची कडी दुरुस्त केली, टेबलाचा डगमगणारा पाय पाणसळ लावून सरळ केला. एवढं सगळं केलं आणि नेमकं जे करायचं ते त्यांच्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्याच दिवशी वजिराची पाळी आली. यात नवल काही नाही. पाळी महिन्याला येते, आपण घरी आहोत की पाहुणे, हे विचारून येत नाही. पॅडं तिच्याजवळ होती. वापरलेलं पॅड कागदात नीट गुंडाळायचं, संडासात टाकायचं नाही, हे आईने शिकवलेलं होतं. मग टाकायचं कुठे, ते शिकवलं नव्हतं, कारण त्यांच्या घरी बाथरूममध्ये डबा असतो आणि असलेल्या गोष्टीचा धडा कोणी देत नाही.

वजिराने बादलीमागे पाहिलं, दारामागे पाहिलं. स्वयंपाकघरातल्या डब्याचा विचार केला, तर तिला तो रबरी मोजा दिसला. सकाळच्या गाडीत स्वतः टाकावं, तर गाडीशी थोरले मामा घड्याळ घेऊन उभे. वाचनालयात एकच संडास, त्याची कडी तुटलेली, बाहेर तेवीस मुलगे. पुढच्या बारा चालींचा विचार करणारी पोर, पण इथे तिला एकच चाल दिसली. तिने ती पुडी आणखी एका पेपरात गुंडाळली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि आपल्या बॅगेच्या तळाशी ठेवून दिली. चौथ्या दिवशी बॅगेत नऊ पुड्या झाल्या. सहाव्या दिवशी बॅगेला मुंग्या लागल्या.

त्या पहिल्यांदा दिसल्या काटेवाल्यांना. केसाएवढा फरक हेरणाऱ्या माणसाला मुंग्यांची रांग दिसायची राहते थोडीच? खिडकीतून आत, भिंतीवरून खाली, गादीला वळसा आणि थेट बॅगेच्या चेनपाशी. दुसऱ्याच्या बॅगेला त्यांनी हात लावला नाही, तेवढी रीत त्यांना होती. त्यांनी फक्त हिशेब मांडला. मुंग्या आहेत म्हणजे खाणं आहे. पोर बॅगेत खाणं लपवते म्हणजे तिचं पोट भरत नाही. आणि पोट भरत नाही याचं कारण, देवाशप्पथ, आपल्या दोघांचा स्वयंपाक.

ते मनातून फार खजील झाले. त्या दिवसापासून वजिराच्या ताटात दोन अंडी जास्त, टोस्टवर लोण्याचा थर, दुपारच्या डब्यात केळी. इकडे थोरल्यांचा निष्कर्ष नेमका उलटा होता. पोर सकाळी सतरा मिनिटं बाथरूममध्ये असते आणि बाहेर येते ती पडक्या चेहऱ्याने, म्हणजे पोट बिघडलं. त्यांनी तिला मऊ भात आणि लिंबू-पाणी सुरू केलं. एक भाऊ ताटात वाढायचा, दुसरा त्यातलं उचलायचा. दोघांची यावरून धुसफूस चाले आणि मधे बसलेली वजीर मान खाली घालून मिळेल ते गिळायची.

शेवटी काटेवाल्यांनी आपल्या मते फार हुशारीची गोष्ट केली. घट्ट झाकणाचा एक डबा बिस्किटांनी भरून तिच्या उशाशी ठेवला आणि अगदी सहज सांगितलं की खाऊ बॅगेत ठेवू नये, मुंग्या लागतात, हवं ते मागून घ्यावं. वजीर आधी लाल झाली, मग पांढरी. रात्रीचं जेवण तिने नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटीचा फोन. तुम्ही दोघांनी माझ्या पोरीला काय केलंत, असं तिने सरळच विचारलं. रविवारी न्यायला ये म्हणतेय. शिबिर अर्ध्यावर टाकून. शेवटच्या आठवड्याच्या स्पर्धेसाठी पहिल्या सहात निवड झाली आहे आणि कारण विचारलं तर नुसती रडतेय.

काटेवाले फोन ठेवून स्टुलावर येऊन बसले. पोर मामाच्या घरून पळून निघाली होती, आणि तिचं एवढ्या कष्टाचं शिबिर त्यापायी बुडणार होतं. पोस्टातला पार्सलचा काटा समोर उघडा पडला होता, त्यात त्यांचं लक्ष लागेना.

पाच वाजता वजीर परतली तेव्हा त्यांनी तिला वर्कशॉपमध्ये हाक मारली. ती आली, समोरच्या खोक्यावर बसली आणि लहानपणच्या सवयीने पितळी वजनं फडक्याने पुसू लागली.

"हे बघ," काटेवाले काट्याकडे बघत म्हणाले, "काटा चुकीचा दाखवायला लागला तर मी त्याच्यावर रागावत नाही. कुठे अडकतंय ते शोधतो. आमचं कुठे अडकतंय, तेवढं सांग. मग जा हवं तर."

वजिराने पाचशे ग्रॅमचं वजन पुसलं, दोनशेचं पुसलं, शंभराचं पुसलं. पन्नासाचं हातात धरून ती म्हणाली, "मामा, तुझ्या बाथरूममध्ये डबा नाहीये."

"स्वयंपाकघरात आहेत की दोन."

"त्यात थोरले मामा हात घालतात."

"घालू देत. आपण काय चोरीचा माल टाकतो?"

वजिराने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की सांगायचं ते सांगून झालंय, आता तुझं तू बघ. काटेवाल्यांची सुई सावकाश हलली. बाथरूम. चौदा वर्षांची मुलगी. सतरा मिनिटं. बॅग. मुंग्या. सुई आकड्यावर येऊन थांबली तेव्हा त्यांचे कान इतके तापले की त्यावर सोल्डर वितळलं असतं. दुसरा कोणी असता तर खाकरून बाहेर निघून गेला असता. पुष्कळ चांगली माणसं असंच करतात आणि त्याला सभ्यपणा समजतात. काटेवाल्यांनी पेन्सिल उचलली.

"केवढा डबा लागेल?"

वजिराने हातांनी माप दाखवलं. "एवढा. झाकणाचा."

"पायाने उघडणारा?"

"चालेल."

"आणि झाकणाचा आवाज व्हायला नको," हे त्यांनी आपणहून जोडलं.

मग बॅग रिकामी करायला त्यांनी तिला एक मोठी जाड पिशवी दिली, तिच्याकडे न बघता, आणि थोरल्यांना घेऊन भाजी आणायला गेले. घरात भाजी होती. थोरल्यांनी ती दोनदा मोजून दाखवली तरी गेले.

डब्याला दीड दिवस लागला. बाजारात तसला डबा मिळाला असता, पण बाजारात जाऊन असला डबा मागायचा म्हणजे कशासाठी ते सांगावं लागेल, अशी त्यांची समजूत. भंगारातल्या एका काट्याची पट्टी आणि स्प्रिंग घेऊन त्यांनी तो घरीच जुळवला. पहिल्या खेपेला झाकण असं उसळलं की आरसा थोडक्यात वाचला. दुसऱ्या खेपेला ते उघडलं पण मिटेना. तिसऱ्या खेपेला सराफी काट्याच्या पारड्यासारखं हळुवार खाली आलं, आणि काटेवाल्यांनी ते उगाच आणखी अकरा वेळा उघडमीट करून पाहिलं.

खरी परीक्षा पुढे होती. थोरल्यांना सांगायचं होतं.

"बाथरूममध्ये डबा ठेवलाय," काटेवाले म्हणाले. "तो तू तपासायचा नाहीस."

"का?"

"तो वजिरासाठी आहे. मुलगी आहे ती. मोठी झालीय."

थोरल्यांनी हे ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "ओला की सुका?"

काटेवाल्यांनी कपाळाला हात लावला. पण नीट पाहिलं तर प्रश्न चोख होता. एवढी शिकलेली माणसं आयुष्यभर तो विचारत नाहीत आणि तिसऱ्याच कोणाला तरी ते हातांनी निवडावं लागतं. भावाला उत्तर येत नाही असं पाहून थोरले दुसऱ्या दिवशी सात वाजून दहा मिनिटांनी ते जिला ठाऊक असणार तिलाच विचारायला गेले. कचरागाडीवाली गल्लीत गाडी उभी करून त्यांना ऐकवायला लागली, आणि तिचा आवाज काही लहान नव्हता.

"ओलाही नाही, सुकाही नाही, ते वेगळंच द्यायचं. कागदात गुंडाळायचं आणि वर लाल खूण करायची, म्हणजे आम्हाला कळतं. आमचे पण हातच आहेत काका, चिमटे नाहीत. गल्लीत पंचवीस घरं, त्यातली खूण करतात चार. आणि विचारायला आलेले पुरुष तुम्ही पहिलेच."

दोन घरांच्या खिडक्या उघडल्या. थोरल्यांनी मान डोलावली, आभार मानले, गाडी तीन मिनिटं थांबवल्याबद्दल माफी मागितली आणि घरी येऊन पट्टी घेऊन बसले. जुन्या वर्तमानपत्रांचे त्यांनी एकसारखे चौकोन कापले, प्रत्येकाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने गोल काढला, सगळे एका दोऱ्यात ओवले आणि बाथरूममध्ये खिळ्याला टांगले. वजीर संध्याकाळी आत गेली ती हसतच बाहेर आली. रात्री तिने तीन अंडी खाल्ली, आणि ताटातलं कोणी उचलायला आलं तेव्हा हात आडवा धरला.

रविवारी धाकटी येऊन थडकली. नको येऊस म्हणून लेकीने कळवलं होतं, पण आईचं मन फोनने भरत नाही. ती तावातावाने घरात शिरली, पाणीही न घेता दोघा भावांना धारेवर धरलं, मग हातपाय धुवायला बाथरूममध्ये गेली.

बाहेर आली तेव्हा तिच्या हातात लाल गोलाचा एक चौकोन होता.

"हे कोणी केलं?"

दोघं भाऊ शाळकरी पोरांसारखे एकमेकांकडे बोट दाखवू लागले. धाकटी खुर्चीत बसली. तिला हसू येत होतं, पण ते सरळ येत नव्हतं.

"वीस वर्षं येतेय मी या घरात," ती म्हणाली. "पाळी असली की दर खेपेला कागदात बांधून, पर्समध्ये घालून घरी नेलं. एकदा बसमध्ये पर्स उघडी राहिली होती, तेव्हा दीड तास ती पोटाशी धरून बसले. म्हणून एका रात्रीच्या वर कधी राहिले नाही."

काटेवाल्यांना आजवर वाटायचं, बहिणीला इथे करमत नाही. "अगं मग सांगायचं ना," ते कसेबसे म्हणाले.

"तू विचारलंस?"

काटेवाल्यांनी तिने न घेतलेला पाण्याचा पेला पुन्हा तिच्यापुढे ठेवला.

"आणि आता बघ," धाकटी चौकोनाची घडी घालत म्हणाली, "गेल्या वर्षी माझी पाळी गेली, मग तुम्हा दोघांना डबा सुचला."

थोरले फार गंभीरपणे म्हणाले की झालेल्या विलंबाबद्दल त्यांना खेद आहे. डेपोत वीस वर्षं प्रवाशांना हेच वाक्य ऐकवलं होतं त्यांनी, पण मनापासून बहुधा पहिल्यांदाच. धाकटी मग खळखळून हसली, डोळे पुसत हसली, आणि म्हणाली की अगदी खरं सांगायचं तर निम्मं कारण तुमचा स्वयंपाकही होता.

तेवढ्यात वजीर शिबिराहून आली. आईने बॅग भरायची का म्हणून विचारलं. वजीर म्हणाली की उद्यापासून स्पर्धा आहे, पहिला डाव काळ्या मोहऱ्यांनी, तिला तयारी करायची आहे आणि आईने जरा हळू बोललं तर बरं होईल. मग ती आत निघून गेली.

धाकटी दोन रात्री राहिली. स्वयंपाक तिने केला.