चार रिव्हर्स गिअरची गाडी

माझी गाडी दोन सीटांची, उघड्या टपाची, विलायती. धरणाच्या कामावर आलेल्या एका परदेशी इंजिनिअराकडून मामांनी ती घेतली आणि मामांच्या मागे ती साताऱ्यात माझ्या दारात आली. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो, तोवर तिचा दुसरा गिअर टिकेनासा झाला होता. लिव्हर हाताने धरून ठेवावा लागे. मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शियलमधून गिरणीसारखा आवाज येई. सुटे भाग विलायतेहून मागवायचे तर माझ्या आयुष्यात ते पोचतील याची खात्री नव्हती.

मग कळलं की सांगलीत, विश्रामबागेत, याच कंपनीची पण नंतरच्या मॉडेलची गाडी एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे उभी आहे. इंजिन जाम झालेलं, बाकी सगळं ठणठणीत. मी गेलो. डॉक्टर माझ्याच वयाचे, अतिशय नेटके. त्यांनी गाडीवरची चादर अशी उचलली, की मी नकळत आवाज खाली आणला.

"विकणार नाही," ते म्हणाले. "बदलून देईन. माझा गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल तुम्ही घ्या, तुमचे मला द्या."

"पण माझे खराब आहेत."

"असू देत. ती पोकळ झालेली मला बघवणार नाही."

त्यांनी दोन अटी घातल्या. काम सुरू असताना ते हजर राहणार. आणि गिअरबॉक्सला जोडलेली एक छोटी काळी डबी त्याच्याबरोबरच जाईल. ती डबी म्हणजे गाडी मागे घेताना बोलणारं यंत्र होतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

काम रहिमतपूरच्या एका मिस्त्रींकडे दिलं. त्यांच्या घरात तीन पिढ्या लेथचं काम, आधी तेलाचे घाणे आणि ऊस गाळायचे चरक, मग ट्रॅक्टर. त्यांनी दोन्ही गिअरबॉक्स शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. "सख्ख्या बहिनी हायत," ते म्हणाले, "पर एकीची चोळी दुसरीला हुत न्हाई." नवा गिअरबॉक्स दोन बोटं रुंद निघाला, म्हणून गाडीच्या पोटातला पत्रा ठोकून फुगवला. इंजिनामागचं जड चाक, फ्लायव्हील, बदललं. मागचा शाफ्ट कापून पुन्हा जोडला. डॉक्टर रोज सांगलीहून येत, स्टुलावर बसत आणि प्रत्येक बोल्ट काढला की वहीत लिहून ठेवत. माझे मोडके भाग त्यांनी पुसून, फडक्यात गुंडाळून आपल्या रोजच्या गाडीच्या डिकीत ठेवले.

आठव्या दिवशी गाडी जॅकवर चढवून सुरू केली. चाकं फिरली. मिस्त्रींनी हात पुसले, मी पेढे वाटले. चाकं कुठल्या बाजूला फिरताहेत हे कुणीच पाहिलं नाही.

खाली उतरवल्यावर मी पहिला गिअर टाकला आणि गाडी मागे गेली. दुसरा टाकला, जरा जोरात मागे गेली. मिस्त्री खाली वाकले, बराच वेळ वाकूनच राहिले.

"सर, डिफरन्शियल उलटा बसलाय," ते शांतपणे म्हणाले. "बोल्टाची भोकं दोनी बाजूनं जुळत्यात. तेलाचं बूच जुन्यासारखं खाली घेतलं, ह्याचं वर असतंय, तितं चुकलं."

"मग आता?"

"चार रिव्हर्स हायत, एक फॉरवर्ड. सगळं उकलायला दोन दिवस. पर उद्या भाच्याचं लगीन, आठ दिवस मी न्हाई. रिव्हर्समधी टाका, म्होरं जाईल. हळू जाईल, पर जाईल."

टेम्पोला बांधून न्यायला डॉक्टर तयार होईनात. एवढं सगळं केल्यावर ती दोराला बांधून घरी जाणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि खरं सांगायचं तर माझंही. डॉक्टर शेजारी बसले, मी रिव्हर्स टाकला. गाडी पुढे निघाली आणि मागच्या बाजूने एका बाईचा खणखणीत आवाज आला: "अहो, हळू. मागे तुळस आहे."

मी डॉक्टरांकडे पाहिलं.

"आमच्या सौ.," ते म्हणाले. "मी एकदा वृंदावनाला धडक दिली होती. त्यानंतर तिने यात आपला आवाज भरून ठेवला."

डबी गिअरबॉक्सच्याच वायरवर चालत असल्याने बंद करता येईना, आणि डॉक्टर ती तोडू देईनात. रहिमतपूर ते सातारा आम्ही सायकलच्या वेगाने, रिव्हर्सचा पांढरा दिवा लावून, दर दहा सेकंदांनी तुळशीची सूचना देत गेलो. आमच्या मागची वाहनं खूप अंतर ठेवून उभी राहत, मग गोंधळून पुढे येत. एक मोटरसायकलवाला शेजारी आला.

"आवं, तुमी रिव्हर्स टाकलाय."

"व्हय," मी म्हणालो.

"मग गाडी म्होरं कशी चाललीया?"

डॉक्टरांनी त्याला वाकून डिफरन्शियलची रचना समजावून सांगितली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि त्याला कोरेगावला जायचं होतं तरी तो साताऱ्यापर्यंत आमच्याबरोबर आला.

साताऱ्याच्या नाक्यावर पोलिसाने थांबवलं. मी पहिला गिअर टाकून दाखवला. गाडी मागे गेली, दिवा विझला, बाई गप्प झाल्या. रिव्हर्स टाकला, पुढे गेली, तुळस आली. त्याने वरिष्ठांना फोन लावला, दोन वाक्यं बोलला आणि बोलता बोलताच ठेवून दिला. "जावा तुमी," तो म्हणाला.

घरी बायकोने फाटक उघडलं. समोरून येणाऱ्या गाडीतून परक्या बाईने "अहो" म्हटलेलं ऐकून तिने आधी स्वतःच्या मागे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या संध्याकाळी मी बरंच बोललो आणि तिने बरंच कमी ऐकलं.

मिस्त्रींनी लग्नाहून येऊन गाडी सरळ केली, पैसे घेतले नाहीत. पुढच्या रविवारी डॉक्टर पत्नीला घेऊन आले. अंगणात मी गाडी मागे घेतली. बाईंनी आपला वीस वर्षांपूर्वीचा आवाज ऐकला.

"मी तेव्हा तुम्हाला अहो म्हणायचे?"

आता त्या त्यांना डॉक्टर म्हणतात, पेशंट म्हणतात तसं.

"म्हणायचीस," डॉक्टर म्हणाले.

बाईंनी मला पुन्हा एकदा गाडी मागे घ्यायला लावली. मग म्हणाल्या, इथे मागे पाण्याची टाकी आहे, ही माहिती चुकीची आहे, नवीन भरून देते. डॉक्टर चष्मा पुसत राहिले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "राहू दे," त्या म्हणाल्या आणि आत चहाला गेल्या.

दोन दिवसांनी माझ्या बायकोने स्वयंपाकघरामागची तुळशीची कुंडी उचलून टाकीसमोर आणून ठेवली. आता गाडी मागे घेताना तिथे खरोखरच तुळस असते, आणि ती मी आजवर दोनदा पाडली आहे.