पालथी फुलं

माझं शिक्षण चौथी. त्यामुळे मांडीवर इंग्रजी पुस्तक उघडून आणि बोटात क्रोशाची सुई धरून मी ओट्यावर बसायला लागलो, तेव्हा गावाला वाटलं, म्हातारी गेली आणि म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. डोकं जागेवर होतं. रुमाल राहिला होता.

म्हातारी म्हणजे माझी बायको. आखाडात गेली, त्याला आता दीड वर्ष होईल. शेवटच्या दिवशी सून उशाशी होती आणि मी पायाशी. ती सुनेला म्हणाली, “रुमाल तेवढा राहिला गं.” मला काहीच म्हणाली नाही. पन्नास वर्षं एका ताटात नसलं तरी एका चुलीवरचं खाल्लं, आणि शेवटचं बोलणं रुमालावर. तेव्हा मला राग आला होता. अजून थोडा आहे.

रुमाल नातीच्या रुखवतासाठी होता. आमच्याकडं लग्नात मुलीकडचे लोक रुखवत मांडतात. परातीएवढे लाडू, करंज्या, कुरडया, आणि घरातल्या बायांच्या हातचं विणकाम-भरतकाम. नवऱ्याकडच्या बाया ते बघायला येतात. बघायला म्हणजे खोड काढायला. लग्न ठरलं होतं, पण म्हातारीचं वर्षश्राद्ध होऊन तुळशीचं लग्न लागल्यावरच ते करायचं असं सगळ्यांनी धरलं होतं. म्हणजे हातात वेळ होता. माणूस नव्हतं.

संक्रांतीच्या आसपास सुनेनं म्हातारीची पेटी उघडली. आत एक निळं कापड निघालं, जुन्या परकराचं, दुहेरी घातलेलं. त्यावर दोऱ्यानं टाचलेली पांढरी फुलं. मोजली, तेवीस भरली. मधली जाळी विणायची बाकी होती.

सून म्हणाली, “मामा, ह्ये पेटीतच ऱ्हाऊ द्या, आत्याबाईंची आठवण म्हणून. तुळजापूरला तयार जाळीचा रुमाल मिळतो. तोच मांडू.”

“पेटीत न्हाय,” मी म्हणालो. “रुखवतात जाईल.”

“आन् पुरा कोण करणार?”

“म्या.”

ती हसली. मग माझं तोंड बघून गप झाली. मग परत हसली.

आता त्या पुस्तकाचं. हे विणकाम आपल्या इकडचं नाही. म्हातारीला क्रोशा पहिल्यापासून यायचा, दारावरची तोरणं, टीव्हीवरचा रुमाल. पण एकदा आम्ही सोलापूरला कापड घ्यायला गेलो, तर रस्त्यावर जुनी पुस्तकं मांडून बसलेल्या माणसाकडून ती एक पुस्तक घेऊन आली. पहिली पानं गेलेली, सगळं इंग्रजीत. मी म्हणालो, “तुला मराठी येईना नीट, ह्ये काय करणार?” ती म्हणाली, “चित्रं हायत की.” आणि चित्रं बघून बघून तिनं ते उचललं. विचारायला कुणी नव्हतं, पण ते पुस्तक तिनं पुरतं पिंजून काढलं.

नातीनं मोबाइलवर बघून सांगितलं, देश आयर्लंड. तिथं म्हणे फार पूर्वी मोठा दुष्काळ पडला, तेव्हा बायांनी ही लेस विणून घरं जगवली. मी ऐकून घेतलं. बहात्तरच्या दुष्काळात आमच्याकडच्या बायांनी रस्त्यावर बसून खडी फोडली. म्हातारीनंही फोडली, तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेला मी तिच्या शेजारी पाट्या उचलायला होतो. कुठल्या देशात दुष्काळ पडावा, हेही नशिबात लागतं.

त्या विणकामाची रीत अशी. फुलं, पानं सुटी सुटी विणायची. आत जाड दोरा धरायचा आणि त्याच्यावरून विणायचं, म्हणजे फूल उचलून येतं, चपटं पडत नाही. मग सगळी कापडावर टाचायची आणि मधे जाळी भरायची. शेवटी कापड सोडवलं की नुसती जाळी आणि फुलं हातात राहतात. पुस्तकात त्या देशाची फुलं होती. म्हातारीनं त्यांना आपली नावं दिली होती. तीन पानांचं एक होतं, ते बेल. काटेरी बोंडाचं एक होतं, त्याच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलं होतं, करडई. मी जन्मभर करडई काढली, हाताला फडकी बांधून, आणि हे बोंड बघून मला पहिल्यांदा वाटलं की त्या लोकांशी आपलं जमलं असतं.

तिनं पानापानावर लिहून ठेवलं होतं. टाक्यांची नावं मी तिच्याच अक्षरातून शिकलो. साखळी, खांब, मुका खांब. एका ठिकाणी लिहिलं होतं, ह्ये जवळ बसून बोलत असले तर मोजू नये, चुकतं. ह्ये म्हणजे मी. मी ते सुनेला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “खरं हाय.”

जाळीआधी हात वळावा म्हणून एक गुलाब करून बघितला, त्यालाच मला तीन आठवडे लागले. माझा हात दाव्याचा, कासऱ्याचा. बैलाचं मुसकं मी डोळे झाकून विणतो, आणि मुसकं विणताना गाठ आवळायची असते, नाहीतर बैल थोबाड घालून पीक खातो. तसाच मी दोरा आवळला. गुलाब झाला सुपारीएवढा आणि सुपारीएवढाच टणक. नातीनं तो टेबलावर टाकून वाजवून दाखवला.

दोरा संपला म्हणून धाराशिवला गेलो. दुकानदारानं विचारलं, “आजोबा, पोत्याची तोंडं शिवायची का?”

“लेस करायची हाय,” मी म्हणालो. “बारीक दे.”

त्यानं माझ्या हाताकडं बघितलं, मग बारीक दिला, पण एकच रीळ. जास्त द्यायला त्याचा जीव धजला नाही.

ओट्यावर माझा दोस्त येऊन बसायचा. त्याचं वावर माझ्या वावराला लागून, भांडणं पण लागूनच. पहिल्या दिवशी तो बराच वेळ बघत राहिला.

“काय चाललंय?”

“रुमाल.”

“ह्ये बायांचं काम हाय.”

“तुझी बायको करते का असलं?”

“न्हाय.”

“मग बायांचं कसं? तिला न्हाय येत, मला येतंय.”

“तुला बी न्हाय येत,” तो म्हणाला. “म्या मघापासनं बघतोय. तीनदा उसवलंस.”

ते खरं होतं, म्हणून मी त्याला तंबाखू दिली नाही.

आता माझ्या चुकीचं सांगतो. ती सांगायलाच लिहायला बसलो.

निळं कापड मी नीट बघितलं, तेव्हा ध्यानात आलं की म्हातारीनं तेवीसच्या तेवीस फुलं पालथी टाचली होती. उठाव असलेली बाजू खाली, कापडाकडं, आणि दोऱ्यांची टोकं, गाठी वर. आपल्याकडं मयत झालं की घरातली भांडी पालथी घालतात. एरवी पालथं ताटसुद्धा आई ठेवू द्यायची नाही. आणि इथं नातीच्या लग्नाचा रुमाल, त्याची सगळी फुलं तोंड खाली घालून. मी मनात म्हणालो, शेवटी शेवटी औषधांनी तिचं भान गेलं होतं, तिला सुधरलं नसणार. हे कुणाला दिसता कामा नये. विशेषतः सुनेला. ती गावभर सांगणार नाही, पण माहेरी सांगेल.

सून बचत गटाच्या बैठकीला गेली होती. मी कात्री घेतली आणि एक एक टाका सोडवला. तेवीस फुलं सरळ केली, तोंडं वर, हसरी. परत टाचली. काही पुण्य केल्यासारखं वाटत होतं. बायकोची चूक झाकली, बोललो नाही. पन्नास वर्षांत असं मी पहिल्यांदा केलं असेल.

महिनाभर त्याच्यावर जाळी विणली. नात परत सुट्टीला आली, तिनं पुस्तक चाळलं, आणि एका पानावर थांबली.

“आबा, आजीनं इथं काय लिवलंय बगा.”

चित्रात कापडावर फुलं होती, पालथी. बाजूला म्हातारीचं अक्षर. तोंडं खाली टाकायची. जाळी मागनं विणायची. कापड काढलं की सरळ बाजू निघते. इसरू नये.

मी पुस्तक मिटलं. परत उघडलं. तेच होतं.

“मागचं पान का न्हाय बगितलं?” नात म्हणाली.

“जाळीचं पान पुढं हाय. मला जाळी पाहिजे होती.”

“मग आता?”

आता काय. माझी सगळी जाळी मागच्या अंगाच्या गाठी पुढं दाखवत होती. ती उसवली. फुलं सोडवली. आणि तेव्हा कळलं की खरी वाट लागली आहे ती वेगळीच. म्हातारीनं कुठलं फूल कुठं टाचलं होतं, ते मी बघून ठेवलंच नव्हतं. मला वाटलं होतं, भान गेलेल्या बाईची मांडणी, ती कशाला ध्यानात ठेवायची. कापडावर सुईची भोकं होती, पण शेकड्यानं. तिनं दहा वेळा मन बदललेलं होतं. मी कापड उजेडाला धरलं, असं धरलं, तसं धरलं. गुलाबाशेजारी बेल होता का करडई, मला सांगता येईना. ती खाटेवर बसून हेच मांडत होती आणि मी त्याच खोलीत बसून उसाच्या तोडीवर बोलत होतो.

सून आली. मी सांगितलं. लपवणार किती.

तिनं उसवलेला दोरा गोळा केला. मग म्हणाली, “मामा, आत्याबाईंना भान होतं. शेवटपातूर होतं. म्या जेवण कमी दिलं तर बोलायच्या.”

दोन दिवस मी सुई धरली नाही. तयार रुमाल आणा, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. पण मग ही फुलं पेटीत गेली असती आणि पेटीतून कसरीच्या पोटात. तिसऱ्या दिवशी मी कापड पसरलं आणि मला येतं तसं मांडलं. करडईची एक ओळ, बेलाची एक ओळ, गुलाबाची एक. सगळी पालथी.

सून बघून म्हणाली, “मामा, ह्ये पेरल्यागत दिसतंय.”

“मला दुसरं येत न्हाय.”

जाळी दिवाळीपर्यंत चालली. दर दुसऱ्या साखळीवर एक दाणा, म्हणजे बारीक गाठ, उठवायचा असतो. मोजताना मी कुणाशी बोलत नसे, आणि घरात एवढी शांतता झाली की मुलानं सुनेला विचारलं, आबांना बरं नाही का. मुसक्याचा हात सैल करायला मला तोपर्यंत वेळ लागला, आणि पुरता झालाच नाही. एका टोकाला जाळी आवळलेली, दुसऱ्या टोकाला जरा श्वास घेतलेली. दुहेरी कापडाच्या मधून कात्री घालून सुनेनं टाचे कापले. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. रुमाल सुटला आणि पापडासारखा वळला. मग भाताच्या पेजेत बुडवून, पाटावर टाचण्या मारून वाळवला.

लग्नात रुखवत मांडलं. मधल्या ताटावर आमचा रुमाल. नवऱ्याकडची मंडळी परांड्याच्या अंगाची. त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी बाई, नवरदेवाची आजी, काठी टेकत आली. लाडूंकडं बघितलं नाही. रुमाल उचलला आणि उलटा केला. मागची बाजू बघणारी बाई म्हणजे स्वतः विणणारी. सुनेनं माझ्याकडं बघितलं.

“फुलं कुणाची?”

“आमच्या सासूबाईंची,” सून म्हणाली. “त्या गेल्या.”

“आन् जाळी दुसऱ्या हाताची हाय.”

सून अडखळली. मी मांडवाच्या खांबाला टेकून उभा होतो. म्हटलं, लपवायला गेलो की माझ्याकडून काय होतं ते बघितलंय.

“म्या केली,” मी म्हणालो.

मागं दोघी तिघी पदरात हसल्या. नवरदेवाची आजी हसली नाही. जाळीत बोट घालून ओढून बघितली.

“हिच्यात बैल धरंल.”

“बैलाचीच सवय हाय.”

“वळीनं का टाकली फुलं? असं कुणी टाकत न्हाय.”

“तिनं नीट टाकली होती. म्या उसवली.”

तिनं मान हलवली, जसं काही हेच अपेक्षित होतं. मग आपल्या सुनेला हाक मारली, म्हणाली, ह्यो रुमाल टेंपोत टाकू नको, भांड्यांत मळंल. आणि घडी घालून स्वतःच्या पिशवीत ठेवला. नात तिकडं बोहल्यावर होती, तिला हे दिसलं नाही.

“आमच्यात अजून दोन लगनं हायत,” ती आजी मला म्हणाली. “दुसरा करून द्याल का?”

“फुलं संपली,” मी म्हणालो. “मला जाळीच येती.”

“मग शिका की. बसून काय करणार हायसा?”

पंगत बसत होती. मी हात धुवायला गेलो.