फलाटाला टेकलेली बस

निगडी-दापोडीच्या बीआरटी मार्गावर मी बस चालवतो. दोन्ही बाजूंना कठडे, मधे फक्त आपली गाडी. थांबे उंच बांधलेले. बस फलाटाला टेकून उभी राहिली की माणूस ओसरीवरून माजघरात यावा तसा आत येतो. माझ्या बसमध्ये मात्र ढांग टाकून यावं लागायचं. नवा असताना फलाटाला घासून आरसा फोडला होता, तेव्हापासून मी वीतभर लांबच थांबायचो. फलाटच चुकीचे बांधलेत, असं वर सांगायचो.

बायको मळवलीहून कासारवाडीला बहिणीकडे जायची. लोकल थेट जाते, तरी ती चिंचवडला उतरून माझी बस धरायची. एकदा उतरताना त्याच फटीत तिचा पाय गेला, घोटा मोडला. जमलेल्या लोकांना मी म्हणालो, फोनवर बोलत उतरत होती. फोन तिच्या पिशवीत होता. तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं. पाय बरा झाल्यावर ती लोकलनं थेट कासारवाडीला जाऊ लागली.

खरं काय ते मी फक्त डेपोतल्या एका जुन्या चालकाला सांगितलं. त्यानं आवारात बाद टायर रांगेनं मांडले आणि बस त्यांना लावायला सांगितली. मी आखडलो की म्हणायचा, "नवरीला हार घालतोयस का लांबून? जा की जवळ." चाक कडेला जरा घासलं तरी चालेल, नजर फलाटाच्या टोकावर ठेव, एवढंच त्याचं शिकवणं. पुष्कळ टायर लोळवल्यावर जमलं.

मग घरी कबूल केलं. ती तांदूळ निवडत होती.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "लोकांना काय सांगितलंत, त्याचं काय?"

पुढच्या आठवड्यात चिंचवडच्या थांब्यावर ती उभी दिसली. नजर फलाटाच्या टोकावर ठेवली, बस टेकली. तिनं वाकून फट बघितली. बोट जेमतेम गेलं असतं. तरी आत येईना. दारातच थांबली.

मी जागेवरून उठलो. भरल्या बसला सांगितलं, "मागं हिचा पाय माझ्यामुळं मोडला. फोनवर नव्हती ती. गाडी मीच लांब लावली होती."

ती आत येऊन माझ्या मागच्या सीटवर बसली.

"चला आता, अवो. भन वाट बघतीया."

मधल्या एकाही थांब्यावर फट राहिली नाही. कासारवाडीला ती उतरली, खाली न बघता, पिशवी हलवत. हॉर्न वाजवायचं काही कारण नव्हतं. मी वाजवला.