पायांसकट फोटो

महाल भागातल्या आमच्या फोटो स्टुडिओत गिऱ्हाईक आमच्या यांच्याकडे यायचं आणि कटकट माझ्याकडे. वारलेल्या माणसाला घरच्यांच्या फोटोत आणून उभं करायचं काम माझं होतं. जुन्या फोटोतला माणूस ब्लेडने कापायचा, कडा मागून घासून पातळ करायच्या, नव्या फोटोवर चिकटवायचा, जोड ब्रशने बुजवायचा आणि त्या सगळ्याचा पुन्हा फोटो घ्यायचा. हे जमतं. पण तो माणूस खरोखर तिथे होता असं वाटायचं असेल तर त्याचं काहीतरी झाकावंच लागतं. कुणाच्या खांद्याआड दंड, खुर्चीआड पाय. घोळक्यात अख्खा दिसणारा माणूस डकवलेलाच दिसतो. गिऱ्हाइकांना हे पटवता पटवता माझा जीव मेटाकुटीला यायचा.

सत्तर सालच्या आसपास भिवापूरहून एक बाई आली. मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. मुलगी पाळण्यात असतानाच बाप गेला, त्यामुळे दोघांचा एकत्र फोटो नव्हता. सासरी जाताना तिला तो हवा होता. आम्ही घरच्यांचा फोटो काढला. मधल्या खुर्चीवर मुलगी, शेजारी आई, बाकीच्या खुर्च्यांवर काका-मामा. बापाचा एकुलता एक फोटो बाईने पदरात गुंडाळून आणला होता. उभा, कोट-धोतरातला, पायांत वहाणा.

मी त्याला मुलीच्या खुर्चीमागे उभं केलं. गुडघ्याखाली सगळं खुर्चीआड, एक बाही मुलीच्या पदराआड. डोळे फुटायची वेळ आली, पण काम असं उतरलं की मीच स्वतःवर खूश झाले.

बाईने फोटो पाहिला. "त्यायचे पाय काहून कापले वं, बाई?"

"कापले नाहीत. खुर्चीमागे आहेत."

"मले तं दिसून नाही राहिले. निघताना पोरगी पाया पडन तं कुठं पडन? हळदकुंकू कुठं लावन?"

मी पुन्हा बसले. या वेळी त्याला रांगेच्या टोकाला अख्खा उभा केला, पायाखाली सावलीसुद्धा रंगवली. तो भलत्याच लग्नात शिरलेल्या पाहुण्यासारखा दिसायला लागला. बाई म्हणाली, "पोरीपासून इतके दूर?"

आता माझं डोकंच फिरलं. पाय दिसले पाहिजेत, मुलीजवळ पाहिजे आणि खराही वाटला पाहिजे. नवा फोटो काढावा तर काका-मामा गावोगावी परतलेले. मी तडकून म्हटलं, "मग पुढेच उभं करावं लागेल. पुढे आला की मागचं माणूस झाकलं जाणार. कोणाला झाकू, तुम्हीच सांगा."

मी हे उत्तरासाठी विचारलंच नव्हतं.

"मले झाका," ती म्हणाली.

मी हुज्जत घातली. मुलीला आईही लागेल, म्हटलं. "मी तं हावोच," ती म्हणाली आणि उठून बसस्टँडकडे निघून गेली. मी चरफडत कामाला लागले. बाप मुलीच्या शेजारी, आईच्या खुर्चीपुढे उभा राहिला, वहाणांसकट. कोटाच्या बाहीपलीकडे आईच्या लुगड्याचा काठ तेवढा उरला. आणि मला आणखी राग याचा आला की फोटो अगदी खरा दिसत होता.

फोटो न्यायला मायलेकी दोघी आल्या. मुलीने बापाचा चेहरा पाहिला, मग पाय, आणि तिथल्या तिथे कपाळ टेकवलं. बाई माझ्याकडे पाहून समाधानाने हसली. मुलगी पुन्हा एकेक चेहरा पाहू लागली.

"तू कुठं हाय वं, आई?"

"हाय ना. त्यायच्या मागं."

 फोटो उजेडाकडे धरून मुलगी बापाच्या कोटाच्या कडेवर नख घालू लागली, ती कड निघते का ते पाहत.