लखीरामचा पेनड्राइव्ह

मंगरूळपीरच्या बसस्टँडमागे स्नेहा आणि सतीश या नवरा-बायकोचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. छपाईचं मशीन, शाई, लाकडी चौकटी आणि गिऱ्हाइकाशी गप्पा ही सतीशची बाजू. डिझाइन आणि कॉम्प्युटर ही स्नेहाची. लग्नानंतर लगेच ही वाटणी ठरली होती, पण सतीशने ती कधी पाळली नाही.

स्नेहा धनजची. तिचे वडील देवमन दुसऱ्याच्या शेतात राबले, पण पोरीला त्यांनी कारंज्याला कॉम्प्युटरच्या क्लासला पाठवलं. वस्तू जिथल्या तिथे ठेवायची खोड तिला लहानपणापासून. आणि नशिबाने नवरा असा मिळाला, की फाइल हरवेल या भीतीने तो अख्खं फोल्डरच उचलून डेस्कटॉपवर टाकायचा. एका वाढदिवसाच्या बॅनरच्या चार-चार नकला. एकीचं नाव 'फायनल', दुसरीचं 'फायनल नवा', तिसरीचं 'खरा फायनल'. छापायचा नेमका कोणता, हे विचारायला स्नेहाने त्याला हाक मारली, की तो मशीनच्या आवाजातून ओरडायचा, "अवं, खरा फायनल! नावातच तं हाय!"

आणि तो नेमका जुना निघायचा.

डिस्क भरली, कॉम्प्युटर रांगायला लागला, तेव्हा स्नेहाने फालतू नकला उडवायला आणि कामाच्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवायला सुरुवात केली. माउसने कॉपी-पेस्ट केलं तर एखादी खराब फाइल मध्ये आली की सगळंच अडायचं, आणि मग कुठवर गेलं होतं याचा पत्ता नाही. शेवटी एका व्हिडिओत तिला रोबोकॉपी नावाची कमांड सापडली. काळ्या खिडकीत एक ओळ लिहायची. ती आधी गेलेल्या फाइली सोडून देते आणि फक्त नव्या किंवा बदललेल्या तेवढ्या नेते. त्या ओळीला शेवटी मिररचा शब्द जोडला, की नक्कल मुळाबरहुकूम होते. म्हणजे जे मुळात नाही, ते नकलेतूनही पुसलं जातं. स्नेहाला हे फार आवडलं. ती इकडे एक फालतू फोल्डर उडवायची आणि तिकडचंही आपोआप साफ व्हायचं.

खबरदारीचं एक बटणही त्यात होतं. आधी नुसती यादी दाखव, करू काहीच नको. पहिले काही महिने तिने ते इमानदारीने वापरलं. मग ती ओळ तिने एका फाइलमध्ये लिहून ठेवली. रोज दुकान उघडलं की त्या फाइलवर दोनदा क्लिक करायची आणि चहा ठेवायची. यादी बघणं तेव्हापासून सुटलंच.

दसऱ्यानंतरची गोष्ट. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरून लखीराम आला. त्याचा पोरगा करण पोलिसात भरती झाला होता. दिवाळी झाली की लखीराम ऊसतोडीला जाणार, त्याआधी तांड्यावर सत्कार आणि सत्काराला मोठा बॅनर. खिशातून रुमाल, रुमालातून पेनड्राइव्ह काढून त्याने सतीशच्या हातात दिला.

"याच्यात करनचा वर्दीतला फोटो हाय. माह्या पोरीच्या, निताच्या लग्नाचेबी सारे यातच हायेत, तं जरा जपून. मी तहसीलातून येतो."

सतीशने जपलं ते असं, की मोबाइल कॉम्प्युटरलाच चार्जिंगला लावायचा म्हणून त्याने बॅकअपची हार्डडिस्क आधीच काढून ठेवली होती, आणि उरलेल्या जागेत त्याने लखीरामचा पेनड्राइव्ह खोचला. स्नेहाला सांगितलं नाही. कॉम्प्युटर जोडलेल्या प्रत्येक डिस्कला एक अक्षर देतो. हार्डडिस्कचं ई मोकळं दिसलं, ते त्याने पेनड्राइव्हला देऊन टाकलं. स्नेहाच्या ओळीत ठिकाण लिहिलं होतं तेही ईच.

ती आली, तिने दोनदा क्लिक केलं आणि दुधाची पिशवी कापायला वळली. परत पाहिलं तर खिडकीत भराभर ओळी पळत होत्या. प्रत्येक ओळीपुढे 'एक्स्ट्रा', म्हणजे मुळात नसलेलं, आणि त्यापुढे नावं: निता हळद, निता वरात, तांडा, करण. ही आपली फोल्डरं नव्हेत, हे कळायला तिला एक श्वास लागला. तेवढ्या वेळात ती पुसून झाली होती आणि जुने बॅनर त्या जागेवर उतरायला लागले होते. ते थांबवायला तिने कंट्रोल आणि सी दाबून धरलं, पेनड्राइव्ह उपटला आणि मशीनकडे पाहून ओरडली.

"हार्डडिस्क कोनं काढली?"

"मोबाइल लावला मी. काहून?"

"कायले लावला तिथं? साऱ्या भिंतीले लाइटचे बोर्ड हायेत, तुमाले एक नाई सापडला? लखीरामभाऊचा पेनड्राइव्ह पुसला ना मी!"

सतीश दारात येऊन उभा राहिला. मान खाजवली. "त्याले सांग, फाइली करप्ट होत्या म्हनून."

"मी काहीबी खोटं सांगनार नाई. तुमी फक्त माह्या कॉम्प्युटरपासून दूर राहा."

तिला त्याचा राग आला होता, पण स्वतःचा त्याहून जास्त. यादी पाहिली असती तर निताचं नाव पहिल्याच ओळीत दिसलं असतं. आणि एवढं सगळं होऊन कापलेली पिशवी कलंडून दूधही ओट्यावरून खाली गळत होतं.

लखीराम आला तेव्हा तिने सरळ सांगितलं, "भाऊ, माह्या हातानं तुमचे फोटो पुसल्या गेले. परत काढून राह्यली. किती निघतीन ते आत्ता नाई सांगता येत."

लखीराम स्टुलावर बसला. मग म्हणाला, "ताई, मी फोटो छापाले देल्ते का पुसाले?"

तिने पुसलेल्या फाइली शोधायचा प्रोग्राम लावला. फोटो निघू लागले, पण नावं गेलेली, नुसते आकडे. कोणता कशाचा, हे सांगायला लखीरामशिवाय कोणी नव्हतं. त्याने स्टूल पुढे ओढलं. "ही निताची सासू. हा कोन मालूम नाई, जेवाले आल्ता." एकदा करण वर्दीत दिसला तसा तो उठून उभाच राहिला. वरातीचे आले, तांड्याचे आले. हळदीचे मात्र अर्धेअधिक गेले. जिथे ते होते तिथे सतीशचा 'फायनल नवा' जाऊन बसला होता. हे समजलं तेव्हा स्नेहाने खुर्ची मागे सारली आणि लखीरामला ते तसंच सांगितलं.

"गेले तं गेले," लखीराम शेवटी म्हणाला. "निताले मी सांगतो. पन राह्यले ते आता दोन जागी ठुवून द्या."

बॅनर झाला, सत्कार झाला. स्नेहाने आपली ओळ बदलली. आता डिस्कचं स्वतःचं नाव जुळल्याशिवाय ती पुढे जातच नाही, आणि आधी यादी दाखवते. सतीशला तिने मोबाइलसाठी शटरजवळचा एक बोर्ड नेमून दिला. तो तिथेही कुरकुरत जातो.

पुढचं तिला अपेक्षित नव्हतं. लखीराम ऊसतोडीला गेला, पण जाण्याआधी तांडाभर सांगून गेला, की फोटो दोन जागी ठेवायचे आणि त्या बाईकडे नेऊन द्यायचे. तिले एकदा ठेच लागली हाय, आता ती जपते. तेव्हापासून दर बाजाराला कोणीतरी येतंच. कोणाचं वाकलेलं मेमरी कार्ड, कोणाचा चालू-बंद होणारा फोन. परवा तांड्यावरची सुंदरबाई आली, काचेला आडव्या-उभ्या चिरा गेलेला मोबाइल घेऊन.

"मावशी, याच्यातलं काय काय काढू?"

"मले काय मालूम? सारं काढ."

"चार्जिंग हाय का?"

"चार्जिंग असती तं तुह्याजवळ कायले आली असती?"

स्नेहाने कपाळावर हात मारला, मोबाइल हातात घेतला आणि ड्रॉवरमध्ये त्याला बसेल अशी वायर शोधायला लागली.